संत, प्रकाश नारायण

संत, प्रकाश नारायण : (१६ जून १९३७–१५ जुलै २००३). मराठी कथाकार. लंपन या शाळकरी मुलाच्या कथांमुळे प्रसिद्ध. आईवडील इंदिरा व नारायण संत, दोघेही लेखक. इंदिराबाईंचे अध्यापन बेळगावात झाले. दत्तक गेल्याने कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित (दीक्षित हे इंदिराबाईंचे माहेरचे आडनाव), पुस्तकांवर मात्र जन्मनावच. कराड येथे भूविज्ञानाचे प्राध्यापक होते. तरुणपणी थोडे ललित लेखन, मग दीर्घ खंड आणि उतारवयात वनवास (१९९४), शारदा संगीत (१९९७), पंखा (२००१) व झुंबर (२००४ च्या सुमारास) हे संग्रह, असा लेखनाचा क्रम दिसतो. पत्नी सुप्रिया दीक्षित यांचे अमलताश हे चरित्राचे प्रमुख साधन होय. आठवणींचे पुस्तक असल्याने त्यातील काळाचे संदर्भ पारखून घेणे इष्ट.

या कथांना कुमारसाहित्य म्हणावे काय, याविषयी एकमत नाही. निवेदक मुलगा आहे, पण त्याला न उमगलेले वाचकाला उमगते आणि कथेची सारी गंमत या अंतरावर उभी आहे. त्यामुळे मुलाविषयीचे प्रौढ साहित्य ही वर्गवारी अधिक सयुक्तिक वाटते. कुमारवयीन वाचक त्या आवडीने वाचतात, हे अर्थात खरेच.

‘सीमाभागाचे साहित्य’ ही ओळखही जपूनच वापरावी लागते. आजीआजोबांकडे वाढणारा लंपन आणि लेखकाचे दत्तक जाणे यांतील साम्य उघड असले, तरी कथांतील गाव नकाशावर नेमके दाखविण्याचा मोह टाळलेला बरा. लेखकाचे बालपण मुंबई प्रांतातले. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. म्हणूनच बहुधा कानडी येथे वादाचा विषय होत नाही. ती शेजारपाजारची बोली म्हणून सहज येते.

शैलीचा विशेष म्हणजे लंपनचे श्वास न घेता धावणारे बोलणे. ‘मॅड’ हा त्याचा लाडका शब्द. साधी गोष्टही तो हजारांच्या आकड्यांत मोजतो, आणि हे आकडे गोल नसून हिशेब केल्यासारखे अचूक असतात. विनोद तिथेच साधतो. ‘पण’ऐवजी ‘खरं’ म्हणणाऱ्या बेळगावी मराठीची लय जाणणाऱ्याला हे गद्य मोठ्याने वाचताना अधिक पोचते.

निपुण धर्माधिकारी यांनी या कथांवर लंपन ही वेबमालिका दिग्दर्शित केली (२०२४).