विश्रामबागवाडा : पेशव्यांच्या महालापासून पोस्टाच्या खिडकीपर्यंत

बाजीराव रस्त्यावरून तुळशीबागेकडे जाताना गर्दी जरा विरळ झाली की मान वर करून पाहावं. सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब आणि त्यांच्यावरचा रस्त्यावर झुकलेला सज्जा एवढ्या जवळून पाहायला मिळणं हे भाग्यच आहे. पेशवाईतले बहुतेक मोठे वाडे आज जोत्यापुरतेच उरलेत.

इथे पूर्वी पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडक्यांची बाग होती. ती जागा घेऊन दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वाडा बांधला. शनिवारवाडा सोडून ते इथे राहायला आले, पण १८१८ मध्ये राज्य गेलं आणि त्यांची रवानगी कानपूरजवळच्या बिठूरला झाली. दहा-बारा वर्षांत वाडा धन्याविना झाला.

खरी गोष्ट इथून पुढची आहे. १८२१ मध्ये कंपनी सरकारने वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. खर्च कशातून, तर पेशवे श्रावणात ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेच्या रकमेतून. जिथे दरबारी ऊठबस होती तिथे न्याय, व्याकरण, ज्योतिषाचे पाठ घुमू लागले. १८५१ मध्ये ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालं. त्याचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याला गेलं. डेक्कन कॉलेजचं मूळ या वाड्यात आहे, हे पुणेकरांनाही फारसं आठवत नाही.

मे १८७९ मध्ये एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. तेव्हा वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड ऐन भरात होतं, त्यामुळे संशय लगेच त्यांच्यावर गेला. तपासात निघालं वेगळंच : सरकारी पुस्तक डेपोतल्या एका कारकुनाचं ते कृत्य होतं. बुधवारवाडा गेला तो गेलाच. विश्रामबागेची पूर्वेची बाजू जळाली होती, ती मात्र पुन्हा उभारली. मला वाटतं, वाडा वापरात होता म्हणूनच तो वाचवायची निकड लोकांना भासली.

पुढे नगरपालिकेची कचेरी आली, पोस्ट आलं, हस्तकलेच्या वस्तूंचं दुकान आलं, पुण्याच्या इतिहासाचं प्रदर्शनही लागलं. पेशव्यांच्या देवडीलगत तिकिटं घेऊन पाकिटं चिकटवणारी माणसं अनेक वर्षं दिसत. आता वाडा महापालिकेच्या ताब्यात आहे, आणि पलीकडच्या पोलीस ठाण्याला नावही विश्रामबागच आहे.