स्टॉकचे फोटो, नॉइझ आणि तो शंभर टक्क्यांचा नियम: थोडी पार्श्वभूमी

स्टॉकचे फोटो म्हणजे एजन्सीकडं किंवा साइटवर ठेवून गिऱ्हाइकांना वापरायला विकायचे फोटो, नॉइझ म्हणजे फोटोत उमटणारे नको ते ठिपके, आणि नियम म्हणजे फोटो घेण्याआधी तो 100 टक्के झूमवर तपासायचा, नॉइझ दिसला की नाकारायचा. फिल्मच्या काळावर फार लिहीत नाही, तेव्हा एजन्सीला स्लाइड (पारदर्शक फिल्म) जायच्या, लाइटबॉक्सवर भिंग लावून बघायचे, आणि 50 आयएसओची (आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ती कमी तर दाणा बारीक) व्हेल्व्हिया फिल्म वापरणाऱ्याला फिल्मवरच्या दाण्याची फारशी चिंता नसायची. खरी भानगड 2000 नंतरची. त्या साली कॅनडात फोटोंच्या फुकट अदलाबदलीसाठी एक साइट निघाली, पुढं ती पैसे घ्यायला लागली, 2003 ला न्यूयॉर्कमधून सबस्क्रिप्शनवाली दुसरी आली, त्याच वर्षी 6 मेगापिक्सेलचा कॅनन 300डी आला आणि हौशी लोकांच्या हाती डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) पडला. म्हणजे नागपुरात धरमपेठेत बसून परदेशात फोटो विकता यायला लागले.

पण मधे साइटचा रिव्ह्यूअर, म्हणजे फोटो तपासणारा, बसलेला. आणि तो फोटो बघणार 100 टक्के झूमवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर.

सुरुवातीला हे बरोबरच होतं, मान्य. 300डीची फाइल 3072 बाय 2048, 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) छापली तर जेमतेम 10 इंच रुंद, म्हणजे गिऱ्हाइकाला प्रत्येक पिक्सेल कामाचा, त्यात रंगीत ठिपके असतील तर छपाईत दिसणारच. पुढं कॅमेरे 12, 18, 24 मेगापिक्सेलचे झाले तरी नियम जागचा हलला नाही. 6000 पिक्सेल रुंद फोटो साध्या 96 पीपीआयच्या (इंचाला 96 पिक्सेल) मॉनिटरवर 100 टक्क्यांनी बघणं म्हणजे पाच फुटांहून रुंद प्रिंटला नाक लावून बघणं, आणि तो फोटो बहुतेक वेळा लागणार कुठंतरी वेबसाइटच्या कोपऱ्यात. लायब्ऱ्यांचं, म्हणजे या स्टॉक साइटींचं, म्हणणं असं की गिऱ्हाईक क्रॉप करतं, कुठला तुकडा घेईल सांगता येत नाही, म्हणून सगळी फाइल स्वच्छ हवी. मुद्दा खोटा नाही, पण त्यापायी चांगला क्षण पकडलेले किती फोटो गेले अन् दुपारच्या उन्हात ट्रायपॉडवर काढलेले मेलेले फोटो पास झाले. एका ब्रिटिश लायब्ररीची तर वेगळीच तऱ्हा, तिला तेव्हा 48 एमबीची अनकॉम्प्रेस्ड फाइल हवी असायची, 6 मेगापिक्सेलची उघडली की भरते साधारण 18 एमबी, मग ताणून मोठी करा, सोबत नॉइझही मोठा!

आपल्याकडं यात उन्हाची भर. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर तापला की लाँग एक्स्पोजरमधे (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोत) नॉइझ वाढतो, आणि मे महिन्यात दिवसभर 45 डिग्री असेल तर रात्रीही फुटाळा तलावावर कॅमेरा थंड कसा राहील बावा. दीक्षाभूमीचा पांढरा स्तूप रात्री काढताना दिवे जळू (पांढरेफटक होऊ) नयेत म्हणून फोटो अंडर, म्हणजे काळसर ठेवायचा, घरी येऊन शॅडो, म्हणजे काळे भाग, उजळायच्या, आणि नॉइझ नेमका तिथंच लपलेला असतो.

मग नीट इमेज, नॉइझ निंजा असले प्लगइन (नॉइझ काढणारी जोड-सॉफ्टवेअर) आले, 2005 च्या फोटोशॉप सीएस2 मधे रिड्यूस नॉइझ फिल्टर आला, आणि लोकांनी स्लायडर पार शेवटपर्यंत ओढले. संत्र्याच्या सालीवरची बारीक छिद्रं गायब, फळ प्लास्टिकचं. त्यावर नवीन रिजेक्शन, ओव्हर-फिल्टर्ड. नॉइझ ठेवला तरी बाहेर, काढला तरी बाहेर! यातूनच रीत ठरली: कलर नॉइझ (रंगीत ठिपके) बिनधास्त काढा, ल्युमिनन्सला (उजेड-अंधाराच्या ठिपक्यांना) जपून हात लावा, मास्क करून (भाग निवडून) फक्त आकाश अन् सावल्यांवर मारा, शार्पनिंग नको. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे फाइल लहान करा. 24 मेगापिक्सेलची 3000 बाय 2000 केली की चार पिक्सेलांचा एक होतो, रँडम नॉइझ साधारण अर्ध्यावर येतो, आणि किमान 4 मेगापिक्सेलची अट असेल तर 6 चालून जातात. म्हणजे जास्त मेगापिक्सेलसाठी पैसे मोजायचे आणि अपलोड करताना ते फेकून द्यायचे, नियमाचा विनोद तो हा.

2010 च्या लाइटरूम 3 या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमधे रॉ फाइलचं (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) नॉइझ रिडक्शन खूप सुधारलं आणि बऱ्याच जणांचे प्लगइन सुटले. एप्रिल 2023 मधे त्याच लाइटरूममधे एआय डिनॉइझ आलं, रॉवर चालतं, सुरुवातीला वेगळी डीएनजी (रॉचाच एक फाइल प्रकार) बनवून द्यायचं, कमी उजेडात 6400 आयएसओनं काढलेला ताडोबातला पहाटेचा वाघ आता सहज पास होण्याजोगा. त्याच सुमारास दुसरा घोळ उठला होता. सप्टेंबर 2022 मधे एका मोठ्या लायब्ररीनं एआयनं बनवलेल्या चित्रांना दार बंद केलं, डिसेंबरात दुसरीनं लेबल लावून घ्यायला सुरुवात केली, आणि लोकांना प्रश्न पडला की डिनॉइझ मारलेला फोटो कोणत्या खात्यात? माझ्या मते नॉइझ काढणं म्हणजे चित्र बनवणं नव्हे, वाघ तिथं होताच. नागपूरच्या मारबतीच्या (पोळ्यानंतर पुतळे घेऊन निघणाऱ्या) मिरवणुकीचं मात्र तसं सरळ नाही. ते फोटो एडिटोरियलमधे (बातमी-माहितीसाठीच्या विभागात) जातात, तिथं फोटोत जे आहे ते बदलायला मनाई, आणि बडग्याच्या पुतळ्यामागच्या गर्दीतले दहा-बारा पिक्सेलचे चेहरे एआय स्वतःच्या अंदाजानं भरतं, डोळे भलतीकडंच, दात भलतेच. असल्या फोटोला जुनं मॅन्युअल रिडक्शनच बरं, थोडा दाणा राहिला तर राहू द्यावा.