मारिट ब्योर्गनची सरावाची वही

वर्षाला सुमारे ९३७ तासांचा सराव, आणि त्यात धाप लागेल असा सराव जेमतेम चाळीस तास. हा हिशोब जगातल्या सर्वात यशस्वी महिला क्रॉस-कंट्री (बर्फावरून काठ्यांच्या आधारे लांब पल्ला कापण्याच्या शर्यती) स्कीपटूच्या ऐन भरातल्या पाच वर्षांचा आहे. मारिट ब्योर्गन २०१८ साली निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ऑलिंपिकची १५ पदकं होती. त्यात ८ सुवर्ण. हिवाळी ऑलिंपिकमध्ये तोवर कोणालाच, अगदी पुरुषांनाही, इतकी पदकं मिळाली नव्हती.

ती मूळची नॉर्वेच्या ट्रोंडेलाग भागातल्या रोग्नेस या छोट्या गावातली, जन्म १९८०चा. नॉर्वेत खेळाडूंनी सरावाची रोजची नोंद ठेवायची शिस्त जुनी आहे: किती तास, कशावर (स्की, धावणं, सायकल), किती जोर लावून. मारिटनं ही नोंद तब्बल सतरा वर्षं ठेवली आणि पुढे संशोधकांच्या हाती दिली. सोली, टोनेसन आणि सांडबाक या तिघांनी तिचा अभ्यास करून २०१७ मध्ये शोधनिबंध लिहिला. निबंधात तिचा उल्लेख 'सहभागी व्यक्ती' असा आहे. पण शीर्षकातच 'जगातली सर्वात यशस्वी महिला क्रॉस-कंट्री स्कीपटू' म्हटल्यावर नाव झाकून काय उपयोग!

आकडे समजून घेण्याआधी तिची कारकीर्द पाहायला हवी, कारण ती सरळ चढत गेलेली नाही. २००३ मध्ये ती स्प्रिंटमध्ये विश्वविजेती झाली, २००५ मध्ये ओबर्स्टडॉर्फच्या जागतिक स्पर्धेत पाच पदकं घेतली. तिथून घसरण सुरू झाली. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये एक रौप्य मिळालं, आणि २००९ मध्ये लिबेरेट्सच्या जागतिक स्पर्धेतून ती हात हलवत परतली. ती संपली, असं बोललं जाऊ लागलं. दुसऱ्याच वर्षी व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये तिनं तीन सुवर्णांसह पाच पदकं जिंकली. मधल्या काळात असं काय बदललं?

एका कारणानं सगळं उलगडत नाही. तरी वहीत एक गोष्ट ठळक दिसते: तास वाढत गेले. विसाव्या वर्षी वर्षाला ५२२ तास होते, ते तिशीनंतर ९४० च्या घरात पोचले. ही भर मुख्यतः हळू सरावाची आहे. तीव्र सरावाची मांडणीही बदलत राहिली. मध्यंतरी असे दिवस सलग लावून पाहिले, पुढे ते विखरून ठेवले.

हळू म्हणजे किती हळू? कसोटी दोन प्रकारची. एक, हृदयाचे ठोके कमाल ठोक्यांच्या साधारण ८० टक्क्यांच्या खाली ठेवायचे. दुसरी, बोटाच्या किंवा कानाच्या पाळीच्या टोचणीतून रक्ताचा एक थेंब काढून त्यातलं लॅक्टेट मोजायचं. स्नायूंना लागणारी ऊर्जा प्राणवायूच्या जोरावर पुरी होईना की लॅक्टेट झपाट्यानं साठू लागतं. हळू सरावात ते लिटरमागे दोन मिलिमोलच्या आसपास किंवा त्याखाली राहायला हवं. म्हणजे शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतपत वेग. चढ आला की हा वेग राखणं सर्वात अवघड, कारण पाय आपोआप जोर लावतात. तिथे चांगले चांगले खेळाडूही मुद्दाम वेग कमी करतात, प्रसंगी चालतात. मारिटच्या त्या पाच वर्षांत दमश्वासाच्या सरावातला ९२ टक्क्यांहून जास्त वेळ असा होता. मध्यम जोराचा सराव ३ टक्क्यांच्या आत, आणि तीव्र ५ टक्क्यांच्या आत.

हळू सरावानं शरीरात होतं काय, याची बरीच उकल झाली आहे. स्नायूपेशींतले मायटोकाँड्रिया, म्हणजे इंधन जाळून ऊर्जा देणारे घटक, संख्येनं आणि क्षमतेनं वाढतात. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. स्नायू चरबी जाळायला सरावतात, त्यामुळे साठवलेलं ग्लायकोजेन (स्नायूंतला साखरेचा साठा) शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यासाठी उरतं. हे सगळं तीव्र सरावानंही होतं, काही बाबतीत अधिक वेगानं होतं. पण तीव्र सरावाची किंमत मोठी असते: मज्जासंस्था आणि संप्रेरकांवर ताण येतो, झोप बिघडते, सावरायला दिवस लागतात. तो रोज करता येत नाही. हळू सराव दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने करता येतो. मारिटची वर्षाला सुमारे ५४० सत्रं व्हायची, सरासरी पावणेदोन तासांचं एक. एवढं करून दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजंतवानं उभं राहायचं, तर बहुतेक सत्रं मवाळच हवीत.

मूळचा अमेरिकन, पण नॉर्वेत स्थायिक झालेला शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यानं नौकानयन, सायकलिंग, धावणं अशा अनेक खेळांत हीच घडण दाखवून दिली. '८०-२०' (८० टक्के हळू, २० टक्के तीव्र) हे प्रमाण त्याच्यामुळे गाजलं. ते सत्रांचं आहे, तासांचं नाही. म्हणूनच ८० टक्के आणि मारिटचे ९२ टक्के यांत विरोध नाही. तीव्र सत्रातही अंग गरम करण्यात आणि सैलावण्यात बराच वेळ जातोच.

हळू सराव म्हणजे सगळं काही नव्हे. क्रॉस-कंट्रीत दोन शैली असतात. क्लासिकमध्ये बर्फात कोरलेल्या दोन समांतर चरांतून जायचं, स्कीच्या मधल्या भागाला लावलेल्या मेणाची पकड घेऊन पाय मारायचा. फ्री शैलीत स्केटिंगसारखे पाय फाकवत रेटायचं. दोन्हींत दंड, पाठ, पोट यांचं काम प्रचंड. दोन्ही काठ्या एकदम रोवून सगळं अंग पुढे ओढणं, म्हणजे डबल पोलिंग, ही मारिटची खासियत. तिच्या एकूण सरावात ८ टक्के वाटा ताकदीच्या व्यायामाचा होता. वर्षाला ७५ तास होतात हे.

व्हँकुव्हरमध्ये आणखी एक प्रकरण गाजलं. मारिटला दम्याच्या औषधाची परवानगी होती आणि पोलंडच्या युस्टिना कोवाल्चिकनं त्यावर जाहीर आक्षेप घेतला. (काही दिवसांनी ३० किलोमीटरच्या शर्यतीत कोवाल्चिकनंच तिला ०.३ सेकंदानं हरवलं.) इतक्या दमदार खेळाडूला दमा? ऐकायला विचित्र वाटतं, पण या खेळात तो खरोखरच सर्रास आढळतो. शर्यतीत मिनिटाला शंभराहून जास्त लिटर हवा आत-बाहेर होते, तीही गोठवणारी आणि कोरडी. एरवी नाकात उबदार आणि दमट होणारी हवा तोंडावाटे थेट श्वासनलिकेत जाते, तिथलं अस्तर कोरडं पडतं, सुजतं. वर्षानुवर्षं हे चाललं की श्वासनलिका चिडखोर होते. परवानगीच्या मात्रेत हुंगलेल्या औषधानं निरोगी खेळाडूचा दम वाढतो, असा ठोस पुरावा मिळालेला नाही. तरी नॉर्वेच्या संघात ही औषधं किती मोकळेपणी दिली जातात, हा प्रश्न रास्तच होता, आणि तो नॉर्वेतही विचारला गेला.

डिसेंबर २०१५ मध्ये तिला मुलगा झाला. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तिनं काय केलं, यावर वेगळा शोधनिबंध आहे, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा. क्रीडाविज्ञानातला बहुतांश अभ्यास पुरुषांवर झालेला. अव्वल खेळाडू आई होताना सराव कसा सांभाळते, याच्या तपशीलवार नोंदी जवळपास नव्हत्याच. तिनं सराव सोडला नाही, पण जोर उतरवला, आणि बाळंतपणानंतर तो टप्प्याटप्प्यानं चढवला. साधारण चौदा महिन्यांनी लाहतीच्या जागतिक स्पर्धेत चार सुवर्ण. त्यापुढच्या वर्षी, २५ फेब्रुवारी २०१८ ला, प्योंगचँग ऑलिंपिकची ३० किलोमीटरची शर्यत तिनं ३७ व्या वर्षी जिंकली. दुसरी आलेली फिनलंडची क्रिस्टा पार्माकोस्की १ मिनिट ४९.५ सेकंद मागे होती.

हल्ली आपल्याकडेही पहाटे धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये 'झोन टू'ची, म्हणजे अशाच हळू सरावाची, चर्चा असते, आणि दाखला बहुधा अशाच खेळाडूंचा दिला जातो. तो जपून घ्यायला हवा. ही वही एकाच व्यक्तीची आहे. तिला तुलनेला दुसरी मारिट नाही. हळू सरावानं ती मोठी झाली, की मुळातच असामान्य शरीर असल्यानं तिला इतका सराव झेपला, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. शिवाय तासांचा फरक आहेच. आठवड्याला सरासरी अठरा तास करणाऱ्याला बहुतेक सराव हळू ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. आठवड्याला चार तास धावणाऱ्याला तेच प्रमाण जसंच्या तसं लावलं, तर तीव्र सरावाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं येतात.