दूरसंवेदनाद्वारे भूरूप व भूआच्छादन नकाशांकन : सोलापूर जिल्हा

उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांवरून जमिनीची ठेवण आणि तिच्यावरील पीक, माळ, पाणी, वस्ती, उघडा खडक यांचे आच्छादन ओळखून नकाशा तयार करण्याची पद्धत. सोलापूरचा नकाशा करताना सर्वांत आधी प्रश्न येतो तो प्रतिमेच्या तारखेचा.

येथील भारी काळी जमीन पुष्कळदा पावसाळाभर मोकळी ठेवतात. ज्वारी पेरायची ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, मुरलेल्या ओलीवर. त्यामुळे सप्टेंबरच्या प्रतिमेत मंगळवेढ्याचे ज्वारीचे शिवार पडीक वाटते, डिसेंबरात तेच भरलेले दिसते. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण जोराने परावर्तित करते. म्हणून निकट-अवरक्त किरण लाल रंगात दाखवणाऱ्या आभासी रंगप्रतिमेत पीक लालभडक उमटते. या दोन पट्ट्यांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की हिरवेपणा दाखवणारा वनस्पती निर्देशांक मिळतो. मार्चपर्यंत ज्वारी निघते, उसाचा निर्देशांक मात्र चढाच राहतो. एका प्रतिमेत सारखी दिसणारी ही दोन पिके महिन्यांच्या मालिकेत वेगळी होतात. रब्बीत आकाश निरभ्र असते, ही सोय मोठीच. पावसाळ्यात ढगांतून पाहू शकणाऱ्या रडार प्रतिमा घ्याव्या लागतात.

प्रतिमेची विभेदनक्षमता, म्हणजे तिच्यातला एक चौकोन किती जमीन दाखवतो ते, गुंठ्यांत मोजली की चटकन कळते. अमेरिकी लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा एक चौकोन म्हणजे सुमारे नऊ गुंठे, भारतीय उपग्रहांवरील लिस-३ कॅमेऱ्याचा २३.५ मीटरचा साडेपाच आणि युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहाचा १० मीटरचा जवळपास एक गुंठा. सांगोल्याच्या डाळिंबबागेत दोन ओळींमधली माती उघडी असते आणि ती झाडांसोबत एकाच चौकोनात मिसळते. शिवाय बहार धरण्यासाठी पाणी तोडून पानगळ करतात, तेव्हा चौकोनांचे वर्ग ठरवणाऱ्या संगणकाला उभी बाग उजाड रान वाटते.

भूरूपे त्या मानाने सोपी. जिल्हा बेसाल्टच्या आडव्या थरांवर वसलेला. उंचीच्या आकडेवारीवरून बार्शीकडील बालाघाटच्या सोंडा, पायऱ्यापायऱ्यांचे उतार आणि सपाट माथे स्पष्ट होतात. ओढ्यांचे जाळे झाडाच्या फांद्यांसारखे पसरते. ते एखाद्या ठिकाणी सरळ रेषेत धावू लागले, तर खाली खडकातील भेग असण्याची शक्यता असते आणि विहिरीची जागा शोधताना या रेषा कामी येतात. पंढरपूरला भीमेने घेतलेली चंद्रकोर तर नवख्यालाही ओळखता येते.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाची कड दर महिन्याला सरकते. पाणी ओसरले की काठावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, होते आणि पाण्याच्या वर्गातले चौकोन पिकाच्या वर्गात जातात. त्यामुळे जलाशयाचे क्षेत्र तारखेशिवाय देणे अर्थहीन आहे.

सर्वांत मोठी चूक माळरानाबाबत होते. नान्नजच्या परिसरात १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. तिथले गवत पावसाळ्यात हिरवे असते, दिवाळीनंतर पिवळे पडते, आणि उन्हाळ्यात त्याचा निर्देशांक उघड्या मुरमाजवळ येतो. मग असे माळ ‘पडीक’ या सदरात ढकलले जातात. हे वर्गीकरण चुकीचेच म्हणायला हवे, कारण माळढोक, लांडगा, काळवीट यांचे घर हेच गवत आहे. गवताळ माळाला स्वतंत्र वर्ग द्यावा आणि संगणकाला तो ओळखायला शिकवण्याचे नमुने पावसाळ्यातले व उन्हाळ्यातले, असे दोन्ही घ्यावेत. उलट ओढ्याकाठची वेडी बाभूळ मे महिन्यातही हिरवी राहते आणि बागायतीत मोजली जाते. तिची खातरजमा शिवारात पायी जाऊनच करावी लागते.