तळ्यात रोज किती येतं, किती जातं: आम्ही ते कसं मोजतो

पाण्याचा रिपोर्ट हातात असतो, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरमागे 7 मिलिग्रॅम, नायट्रेट कमी, फॉस्फेट जवळजवळ शून्य, सगळं ठीक दिसतंय, आणि तरी थोड्याच दिवसांत पाणी हिरवंगार होतं किंवा पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत फिरायला लागतात. मग लोक लॅबवर शंका घेतात. बहुतेक वेळा लॅबचं काही चुकलेलं नसतं. बाटलीतलं पाणी त्या घडीचा साठा सांगतं, व्यवहार सांगत नाही, बँकेतली शिल्लक आणि पासबुकातल्या नोंदी यांच्यात जो फरक तोच इथे. फॉस्फेट शून्य आलं म्हणजे ते येतच नाहीये असं नाही, येतंय तेवढं शेवाळ लगेच गिळून टाकतंय असंही असू शकतं, आणि दोन्हीचे उपाय पार वेगळे.

म्हणून आम्ही येणं-जाणं मोजतो. आमच्या रिपोर्टमध्ये आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये कमी आणि मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति दिवस असे जास्त दिसतील, म्हणजे तळ्याच्या एवढ्या भागातून दिवसाला एवढा पदार्थ इकडून तिकडे गेला. पदार्थ ये-जा करतो तो हवेतून, तळाच्या गाळातून, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातून, आणि पाण्यातच शेवाळ आणि जिवाणू यांच्यामध्ये.

सुरुवात बहुतेक ऑक्सिजनपासून करतो कारण तो सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त सांगतो. एक सेन्सर वर, एक तळाजवळ, दर 10 मिनिटांनी रीडिंग, किमान तीन दिवस-रात्र. दिवसा शेवाळ ऑक्सिजन बनवतं म्हणून रेघ चढते, रात्री सगळेच श्वास घेतात म्हणून उतरते, त्या चढ-उतारातून तळं किती बनवतं आणि किती खातं हे काढता येतं. ही पद्धत अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी 1956 मध्ये वाहत्या पाण्यासाठी मांडली आणि आजही तीच वापरात आहे, फक्त तेव्हा बाटल्या भरून टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन टाकून मोजणं) करावं लागायचं, आता ऑप्टिकल सेन्सर आहेत. यात हवेचा हिशोब वेगळा काढावाच लागतो. 25 अंशाला गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला साधारण 8.3 मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, त्याहून कमी असला की हवेतून आत येतो, जास्त असला की बाहेर जातो, आणि वारा जितका जोरात तितकं हे पटापट होतं. त्यामुळे आम्ही काठावर वाऱ्याचं मीटरही लावतो, ते कशाला असं बरेच जण विचारतात म्हणून सांगितलं.

आता गाळ. आमच्या मते खरी गोष्ट इथेच असते आणि इथेच सगळ्यात कमी बघितलं जातं. तळाला एक उपडं चेंबर बसवतो, आत थोडं पाणी अडकतं, त्यातला ऑक्सिजन किती वेगाने उतरतो ते बघायचं. समजा चेंबरखाली 0.1 चौरस मीटर गाळ आहे, आत 20 लिटर पाणी आहे आणि दोन तासांत डीओ 7 वरून 6 वर आला. म्हणजे 20 मिलिग्रॅम गेले, तासाला 10, चौरस मीटरला तासाला 100, दिवसाला 2.4 ग्रॅम. पाणी 2 मीटर खोल असेल तर एकटा गाळच दिवसाला लिटरमागे 1.2 मिलिग्रॅम खातोय, मासे आणि शेवाळ यांचं अजून धरलेलंच नाही. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) किती लागतील हे ठरवताना हा आकडा नसेल तर सगळा अंदाजच.

चेंबरमध्ये छोटा पंखा फिरत असतो. गाळाच्या अगदी वर, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ असा जवळजवळ स्थिर पाण्याचा थर असतो आणि त्यातून ऑक्सिजनला हळूहळू झिरपत जावं लागतं. पंखा बंद ठेवला तर हा थर जाड होतो आणि आकडा खोटा कमी येतो, फार जोरात फिरवला तर गाळ उडतो आणि आकडा खोटा वाढतो. शेजारी त्याच खोलीवरचं पाणी भरलेली काळी बाटलीही ठेवतो, पाण्याचा स्वतःचा खर्च वजा करायला. ज्या रिपोर्टमध्ये ही बाटली नाही त्यातला गाळाचा आकडा जरा जपूनच घ्या.

याच चेंबरमधून अधूनमधून सिरिंजने पाणी काढून लगेच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतो आणि फॉस्फेट, अमोनिया बघतो. गाळातलं बरंचसं फॉस्फरस लोहाला धरून बसलेलं असतं, तळाचा ऑक्सिजन संपला की लोह विरघळतं आणि फॉस्फरस सुटून वर येतं, हे तळ्यांचे अभ्यासक क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी 1941-42 मध्येच इंग्लंडमधल्या तळ्यांवर दाखवून दिलं होतं. म्हणून बाहेरून येणारं सांडपाणी पूर्ण बंद करूनही काही तळी वर्षानुवर्षं हिरवी राहतात. अशा वेळी बाहेरच्या नाल्यावर अजून खर्च करा असं आम्ही तुम्हाला सांगणार नाही.

नायट्रोजनचं जरा अवघड आहे. नायट्रेटचा काही भाग जिवाणू नायट्रोजन वायू करून सोडून देतात, पण तो वायू पाण्यात आधीच इतका असतो की थोडीशी भर दिसतच नाही, त्यासाठी आर्गॉन या दुसऱ्या विरघळलेल्या वायूशी त्याचं प्रमाण काढावं लागतं. ते मशीन आमच्याकडे नाही, नमुने हवाबंद करून बाहेरच्या लॅबला जातात, वेळ लागतो. मिथेनचे बुडबुडे मोजायला पाण्यात उलटं नरसाळं टांगतो आणि ते निदान पूर्ण दिवस तरी ठेवतो, कारण बुडबुडे झटक्याझटक्याने येतात, हवेचा दाब उतरला की एकदम वाढतात. तासाभराच्या मोजणीवर विसंबण्यात अर्थ नाही.

नाल्यातून येणारा माल म्हणजे प्रवाह गुणिले प्रमाण, सोपं आहे, पण वर्षभराचा बराचसा माल थोड्याशा जोराच्या पुरांत येऊन जातो, त्यामुळे आठवड्याला एक बाटली भरून तो सापडत नाही. पुराच्या वेळी आपोआप नमुना घेणारा सॅम्पलर लावायला परवानगी द्या.

आम्ही येण्याआधी एवढं करा: एरेटर कधी चालू कधी बंद, खाद्य किती वाजता, मागच्या महिन्यात चुना किंवा कॉपर सल्फेट टाकलं का, हे लिहून ठेवा. मोजणी चालू असताना रोजच्या सवयी बदलू नका, बदल करावाच लागला तर वेळ टिपून ठेवा. सेन्सरवर दोन-तीन दिवसांत चिकट थर बसतो, तो पुसायला आमचा माणूस मधे एकदा येईल, तुम्ही स्वतः सेन्सर वर काढू नका. रिपोर्टमध्ये प्रत्येक आकड्यापुढे कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी रेंज दिलेली असेल. एकाच तळ्यात दोन चेंबर दोन वेगळे आकडे देतात कारण गाळ सगळीकडे सारखा नसतो, म्हणून आम्ही किमान तीन जागी बसवतो आणि तिन्ही आकडे तसेच्या तसे देतो.