काळ्या कागदात गुंडाळलेली नळी

नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं, की ती इवलीशी नळी लगेच काळ्या कागदात नाहीतर चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळून लॅबकडे जाते. ते पाहून बाळाच्या आजीच्या काळजात धस्स होतं. कारण मात्र साधं आहे. काविळीचा पिवळा पदार्थ, म्हणजे बिलिरुबिन, उजेडात टिकत नाही. नळी उन्हात राहिली तर बसल्या जागी ते घटत जातं आणि रिपोर्टवर खऱ्यापेक्षा कमी आकडा येतो. बाळाच्या बाबतीत ही चूक परवडणारी नाही, कारण फार वाढलेलं बिलिरुबिन मेंदूला कायमची इजा करू शकतं.

हा पिवळा पदार्थ जन्मतो तांबड्या रंगातून. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. मग ती मोडीत निघते. तिच्यातल्या हिमोग्लोबिनचं लोह शरीर काढून पुन्हा वापरतं, आणि उरलेल्या रंगीत भागाचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन होतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे सुमारे ३५ मिलिग्रॅम. गुडघा आपटल्यावर पडलेला काळानिळा डाग काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळट होतो, तो याच क्रमाने.

रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन वेगवेगळ्या पानांवर असतात, म्हणून त्यांचं हे नातं लक्षात येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही: हे दोन्ही आकडे रंगावरून काढलेले असतात.

हिमोग्लोबिनसाठी साहलीची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली. बोटाला टोचून २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे एका थेंबाहूनही कमी, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचं. दहा मिनिटं थांबलं की रंग तपकिरी होतो. मग थेंब थेंब पाणी घालत तो शेजारच्या काचपट्टीच्या रंगाशी जुळवायचा. जुळला की नळीवरच्या खुणांत पातळी जिथे असेल तो आकडा. वीज लागत नाही, खर्च नगण्य. पण जुळवणारा असतो माणसाचा डोळा, आणि खोलीतला उजेड बदलला की डोळ्याचं मतही बदलतं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय मानतात. तिथे अर्ध्या ग्रॅमची चूकही किरकोळ म्हणता येणार नाही.

ड्रॅबकिनच्या द्रावणाने डोळ्याचं काम यंत्राकडे दिलं. ५ मिलिलिटर द्रावणात तेच २० मायक्रोलिटर रक्त घातलं, की पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनच्या जवळजवळ सगळ्या प्रकारांचं एकच टिकाऊ संयुग बनतं. त्यातून ५४० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडतात. हिरवाच का? लाल वस्तू हिरवा प्रकाश गिळते म्हणून ती लाल दिसते. जितका प्रकाश गिळला गेला, तितकं हिमोग्लोबिन. या द्रावणात सायनाइड असतं, म्हणून आताच्या अनेक यंत्रांत त्याऐवजी दुसरी रसायनं वापरतात. तत्त्व तेच राहिलं.

बिलिरुबिनचं गणित जरा गुंतागुंतीचं आहे. ते मुळातच पिवळं असलं तरी नुसत्या पिवळेपणावर भरवसा ठेवता येत नाही, कारण गाजर-पपईतल्या रंगद्रव्यानेही रक्तद्रव पिवळा दिसू शकतो. म्हणून त्यात डायझो रसायन घालतात. बिलिरुबिनशी जुळून त्याचा जांभळट रंग होतो आणि तो मोजता येतो. इथेच रिपोर्टातले ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ हे शब्द येतात. पुष्कळांना ते आजाराचे प्रकार वाटतात. यकृताने पाण्यात विरघळण्याजोगं केलेलं बिलिरुबिन डायझोशी थेट रंग देतं, ते डायरेक्ट. यकृतापर्यंत न पोचलेलं बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतं. कॅफिनसारखं मदतनीस रसायन घातल्यावरच ते हाती लागतं, म्हणून ते इनडायरेक्ट. १९१६ मध्ये व्हॅन डेन बर्ग आणि म्युलर या संशोधकांनी हा फरक मांडला. इनडायरेक्ट बहुधा मोजतच नाहीत. एकूणातून डायरेक्ट वजा करतात.

रंगाबद्दल बोलताना गावोगावची ‘कावीळ उतरवणं’ सांगायलाच हवं. हाताला झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, आणि कावीळ निघाली असं सांगतात. तेच धडधाकट माणसाच्या हातावर करून पाहा, पाणी तितकंच पिवळं होईल. तो रंग सालीचा आणि चुन्याचा. यात गेलेले दिवस रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात.

लॅबमधला रंगही फसवू शकतो, पण तिथे फसवणूक ओळखता येते. सिरिंजने रक्त जोरात ओढलं किंवा सुईतूनच दाबून नळीत सोडलं, की पेशी फुटतात आणि वरचा पिवळसर द्रव गुलाबी होतो. मोकळं झालेलं हिमोग्लोबिन बिलिरुबिनच्या मोजणीत लुडबुड करतं. डायझो पद्धतीत आकडा बहुधा खाली ओढतं. बोट पिळून रक्त काढलं तर पेशींबाहेरचं पाणी मिसळून हिमोग्लोबिन कमी दिसतं. दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर उलट होतं: शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं आणि हिमोग्लोबिन जास्त दिसतं. लॅबने पुन्हा रक्त मागितलं तर चिडू नका. पहिल्या नळीवरून खोटा आकडा देण्यापेक्षा त्यांनी योग्य तेच केलेलं असतं.

उजेडाची गोष्ट इंग्लंडमधल्या एसेक्सची. १९५६ मध्ये रॉशफर्डच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वॉर्ड नावाच्या परिचारिका अंगणातल्या उन्हात नेत असत. एका बाळाचं सगळं अंग फिकट झालं, फक्त चादरीच्या कोपऱ्याखाली राहिलेला त्रिकोण पिवळाधमक. काही आठवड्यांनी दुसऱ्या एका बाळाच्या रक्ताचा आकडा अपेक्षेपेक्षा फारच कमी आला. ती नळी लॅबच्या खिडकीत उन्हात राहिली होती. दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार झाला आणि १९५८ मध्ये तिथले डॉक्टर क्रेमर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाने काविळीवर उपचार करण्याचा निबंध छापला.

आज आपल्याकडच्या रुग्णालयांतही काविळीचं बाळ उघड्या अंगाने, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवतात. तपासणीसाठी रक्त घेताना तो दिवा बंद करतात, आणि नळी काळ्या कागदात गेली की पुन्हा लावतात.