ओठांवर येऊन परत गेलेला प्रश्न

नव्या प्रकल्पाची बैठक चालू आहे. पडद्यावरच्या तिसऱ्या तक्त्यातला एक आकडा कोपऱ्यात बसलेल्या सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याला खटकतो. प्रश्न अगदी ओठांवर येतो, पण त्याआधी मनात एक हिशेब उरकलेला असतो. आपण चुकलो तर आपले अज्ञान उघडे पडेल, बरोबर ठरलो तर वरिष्ठांचा विरस होईल, आणि मूग गिळून बसलो तर आपले काहीच बिघडणार नाही. तेवढ्यात पुढची स्लाइड येते. या माणसाला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण गप्प राहण्याचा फायदा त्याला स्वतःला आणि ताबडतोब मिळतो, तर बोलण्याचा फायदा सर्वांना मिळतो, तोही उशिरा आणि मिळालाच तर. नवे काही घडवू पाहणाऱ्या गटासमोरची खरी अडचण कल्पनांच्या टंचाईपेक्षा या हिशेबात अधिक असते, असे मला वाटते.

हा हिशेब बदलणाऱ्या वातावरणाला संघटन-मानसशास्त्रात ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणतात. ही कल्पना १९६५ मध्ये एडगर शाइन आणि वॉरन बेनिस यांनी मांडली, पण तिला मोजता येण्याजोगे रूप हार्वर्ड विद्यापीठातील एमी एडमंडसन यांनी दिले. प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळे मत मांडले, तर आपल्याला कमी लेखले जाणार नाही, हा गटातील सर्वांचा सामाईक विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता, अशी तिची व्याख्या करता येईल. ‘सामाईक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एखाद्याचा स्वभाव धीट असणे वेगळे आणि लाजाळू माणसालाही जेथे बोलावेसे वाटते असा गट असणे वेगळे.

एडमंडसन या विषयाकडे वळल्या त्या एका अनपेक्षित निष्कर्षामुळे. १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास करताना, ज्या विभागांतील सहकार्य उत्तम तेथे चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे मात्र उलट आले. चांगल्या विभागांतच चुकांची नोंद अधिक होती. बारकाईने पाहिल्यावर त्यांना असे दिसले की, तेथे चुका अधिक होत नसाव्यात, त्या उघडपणे सांगितल्या जात असाव्यात. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या आणि झाकलेल्या चुकीतून कोणालाच काही शिकता येत नाही. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुरक्षितता जेथे अधिक, तेथे मदत मागणे, चुकांवर बोलणे आणि प्रयोग करून पाहणे अधिक आढळले आणि या शिकण्याच्या वृत्तीचा कामगिरीशी संबंधही दिसून आला.

न बोलण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे विमानवाहतुकीने फार दारुण रीतीने अनुभवले आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांवरील तेनेरिफच्या विमानतळावर, दाट धुक्यात, दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. एक विमान पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचे होते आणि दुसरे केएलएम या डच कंपनीचे. केएलएमच्या विमानाचा कप्तान हा कंपनीचा मान्यवर प्रशिक्षक वैमानिक होता. त्याने पहिल्यांदा थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर वाढवणारे दांडे, पुढे सारले, तेव्हा परवानगी अजून मिळालेली नाही, असे सहवैमानिकाने सांगितले आणि कप्तान थांबला. थोड्याच वेळात उड्डाणाची परवानगी नसतानाच विमान पुन्हा निघाले. या वेळी सहवैमानिकाने त्याला अडवले नाही. विमान वेग घेत असताना फ्लाइट इंजिनिअरने विचारले, ‘ते पॅन अ‍ॅमचे विमान बाजूला झालेले नाही का?’ कप्तानाने ठासून सांगितले की, झाले आहे. त्यावर पुन्हा कोणी काही बोलले नाही. धुके, एकमेकांत मिसळलेले रेडिओ संदेश, संदिग्ध शब्द अशी या अपघाताची इतर कारणेही होती, हे खरे. तरीही वरिष्ठाला एकदा टोकणे जमते, लगेच दुसऱ्यांदा टोकणे फार जड जाते, ही मानवी गोष्ट त्या कॉकपिटमध्ये स्पष्ट दिसते. १९७९ मध्ये नासाने घेतलेल्या कार्यशाळेनंतर वैमानिकांसाठी जे नवे प्रशिक्षण रुजले, त्यात कनिष्ठांना स्पष्ट बोलण्याचे आणि कप्तानांना ऐकून घेण्याचेही धडे दिले जाऊ लागले.

नवनिर्मितीच्या बाबतीत नुकसान इतके ढळढळीत दिसत नाही, कारण न मांडलेल्या कल्पनेचा पंचनामा होत नाही. शिवाय नवी कल्पना जन्मतः अर्धवटच असते. तिला पुरावा नसतो आणि अनेकदा ती चुकीसारखीच दिसते. ३एम कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर १९६८ मध्ये अधिक भक्कम गोंदाच्या शोधात होते आणि हाती आला तो हलकेच चिकटणारा, सहज सुटणारा पदार्थ. त्याचा उपयोग काय, हे त्यांनाही सांगता येत नव्हते. पण कंपनीतल्या सहकाऱ्यांसमोर ते त्याविषयी वर्षानुवर्षे बोलत राहिले. ते ऐकलेल्या आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये, प्रार्थनागीतांच्या पुस्तकातून घसरणाऱ्या खुणेच्या कागदामुळे, या गोंदाची आठवण झाली. त्यातून आलेल्या चिकटचिठ्ठ्या १९८० मध्ये अमेरिकेत सर्वत्र विकल्या जाऊ लागल्या. फसलेला प्रयोग ‘फसला’ म्हणून खणात बंद झाला असता, तर ही जोडणी झालीच नसती. मार्कुस बेअर आणि मिखाएल फ्रेझे यांनी २००३ मध्ये जर्मनीतील ४७ मध्यम आकाराच्या कंपन्यांचा अभ्यास मांडला, तोही याच दिशेने बोट दाखवतो. कामाच्या पद्धतीत नवे बदल आणल्याचा लाभ, जेथे मानसिक सुरक्षितता होती तेथे अधिक दिसला.

या संकल्पनेचा एक विपर्यास वारंवार होतो. सुरक्षितता म्हणजे सर्वांनी गोड बोलणे, कोणाचे काम कमी पडले तरी ते न सांगणे, असे समजले जाते. वास्तविक जेथे सगळे एकमेकांना सांभाळून घेत माना डोलावतात, तेथे मतभेद मांडणे उलट अवघडच होते. कामाचा दर्जा किती उंच हवा, हा एक प्रश्न आणि बोलण्याची धास्ती किती आहे, हा दुसरा. दर्जाचा आग्रह कडक ठेवूनही धास्ती कमी करता येते आणि नवे काम तेथेच होते.

ती कमी करण्यात सर्वांत मोठा वाटा गटप्रमुखाचा असतो. इन्ग्रिड नेम्भार्ड आणि एडमंडसन यांनी नवजात शिशूंच्या २३ अतिदक्षता विभागांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. डॉक्टरांना बोलण्यात जितके सुरक्षित वाटत होते, तितके परिचारिकांना आणि श्वसनोपचार तंत्रज्ञांना वाटत नव्हते. पण जेथे प्रमुख आवर्जून इतरांची मते मागत आणि त्यांची कदर करत, तेथे हे अंतर बरेच कमी होते. ‘माझे दार सदैव उघडे आहे’ असे सांगणे पुरेसे होत नाही, कारण दारापर्यंत येण्याचा धोका पुन्हा कनिष्ठालाच पत्करावा लागतो. ‘काही शंका?’ या प्रश्नालाही बहुधा शांतताच उत्तर देते. त्याऐवजी ‘या तक्त्यात मी कोणती गोष्ट विसरलो असेन?’ असे विचारले, तर चूक असणे गृहीत धरले जाते आणि ती दाखवणे हे कामच ठरते. वाईट बातमी कानावर आल्यावर पहिल्या काही क्षणांत प्रमुखाच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे सगळे पाहत असतात, आणि पुढची बातमी आणायची की नाही, हे त्यावरून ठरवतात.

या क्षेत्रातील बरेचसे पुरावे प्रश्नावल्यांवर आधारलेले आहेत आणि यशस्वी गटातील माणसांना यशामुळेही सुरक्षित वाटत असेल, ही शक्यता त्यांतून पुरती वगळता येत नाही. तरीही काही उपाय इतके स्वस्त आहेत की, ते करून पाहायला हरकत नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-सूची आणली, तीत शरीरावर पहिली चीर देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे असते. याला एखादे मिनिटही लागत नाही. पण पुढे रक्तस्राव वाढताना दिसला आणि ‘थांबा’ म्हणण्याची वेळ आली, तर ते म्हणणाऱ्या परिचारिकेचा आवाज त्या खोलीत तोवर एकदा ऐकला गेलेला असतो.